तुम्ही मोजता तो आकडा आम्हालाही दाखवा: फ्री-टू-प्ले आरपीजी बनवणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार,

हे पत्र फ्री-टू-प्ले, म्हणजे फुकट खेळता येणारे पण आत पैसे घालता येणारे, ऑनलाइन रोलप्लेइंग गेम (आरपीजी) बनवणाऱ्या सगळ्या स्टुडिओंना आहे, आणि त्यातही गेममधलं शॉप चालवणाऱ्यांना, म्हणजे कुठला पॅक कधी समोर आणायचा, बॅनर (ठरावीक दिवसांची खास सोडत) किती दिवस ठेवायचा, कुठल्या लेव्हलला पहिली ऑफर दाखवायची हे ज्यांच्या हातात असतं त्यांना खास करून. मॅप काढणारे, म्युझिक करणारे, बॉसची फाइट बसवणारे यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट त्यांनी एवढा जीव ओतून काम केलेलं असतं म्हणूनच आम्ही वर्षानुवर्षं टिकून आहोत.

मी सात वर्षं एक गिल्ड, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या प्लेअर्सचा गट, सांभाळतोय. एकच गेम, एकच सर्व्हर, मधे दोनदा सर्व्हर मर्ज झाले तेवढंच. गेमचं नाव घेत नाही कारण मुद्दा एका गेमचा नाहीये, त्याआधी खेळलेल्या तीन गेममध्येही शॉप उघडलं की हेच सगळं समोर यायचं.

आमच्याकडे एक हीलर, म्हणजे लढाईत बाकीच्यांना बरं करणारा प्लेअर, होता. अख्ख्या सर्व्हरवरचा सगळ्यात शांत माणूस, रेडमध्ये (मोठ्या बॉसवर सगळ्यांनी मिळून केलेल्या हल्ल्यात) कोणी चुकलं तरी ओरडायचा नाही, नवीन आलेल्याला रात्री एक-एक वाजेपर्यंत बसून शिकवायचा. मागच्या वर्षी एकदा त्याने गिल्ड चॅटमध्ये लिहिलं की मी थांबतोय, अकाउंट डिलीट करतोय, आणि दहा मिनिटांत त्याचं नाव यादीतून गेलं सुद्धा. नंतर व्हॉइसवर बोलणं झालं तेव्हा कळलं की त्याच्या बायकोने बँकेची स्टेटमेंट्स काढून बेरीज केली होती. त्याने स्वतः कधीच केली नव्हती. मला म्हणाला, "अरे मला खरंच वाटत होतं की मी महिन्याला एक मंथली कार्ड घेतो आणि कधीतरी एखादा पॅक, बास." बेरीज त्याच्या पाच पगारांएवढी निघाली होती. तो बायकोपासून लपवत होता असं नाही, मी त्याला चांगला ओळखतो, त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

त्या रात्री मी माझी बेरीज करायला बसलो. गेममधली ऑर्डर हिस्टरी उघडली तर फक्त शेवटच्या ९० दिवसांची. सपोर्टला तिकीट टाकलं की माझ्या अकाउंटचा सुरुवातीपासूनचा एकूण खर्च सांगा, तीन दिवसांनी उत्तर आलं की अशी माहिती उपलब्ध नाही, कृपया ॲप स्टोअरच्या पावत्या बघा. मग ईमेलमध्ये एकेक पावती शोधत बसलो, मधे एकदा फोन बदललेला, एकदा कार्ड बदललेलं, काही टॉप-अप (गेमच्या खात्यात पैसे भरणं) वेबसाइटवरून केलेले कारण तिकडे बोनस जास्त मिळायचा, हे सगळं जुळवायला दोन रविवार गेले. आकडा आला तो मी पुन्हा एकदा पहिल्यापासून तपासला. नऊ महिन्यांच्या घरभाड्याएवढा. माझ्या मनातला अंदाज त्याच्या पावपटही नव्हता.

आणि हे सगळं चालू असताना माझ्या प्रोफाइलवर सोनेरी अक्षरात लिहिलेलं होतं, व्हीआयपी ११, पुढच्या लेव्हलला ४,२१५ पॉइंट बाकी.

ते पॉइंट कशाचे असतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहितीये. प्रत्येक टॉप-अपमागे ठरलेल्या हिशोबाने मिळतात, कधी कमी होत नाहीत, कधी रिसेट होत नाहीत. म्हणजे मी पहिल्या दिवसापासून जेवढे पैसे घातले त्यांची ती बेरीजच आहे, शेवटच्या पैशापर्यंत बरोबर, फक्त तिला पॉइंट असं नाव दिलंय. सपोर्ट जी माहिती उपलब्ध नाही म्हणतो ती माझ्या नावाखाली रोज झळकत असते. पण ती बेरीज मला अजून किती घालायचे बाकी आहेत हे सांगायला वापरली जाते, आजवर किती घातले हे सांगायला नाही.

म्हणून या पत्रात माझी मागणी एकच आहे. तो आकडा खऱ्या पैशात, शॉपच्या पानावर, पेमेंटच्या बटणाजवळ दाखवा. आणि तो बघून ज्याला स्वतःला मर्यादा घालून घ्यायची असेल त्याला ती घालता येऊ द्या. बाकी सगळं यावरच येतं.

आता तुम्ही म्हणाल की गेम फुकट आहे, सर्व्हरचा खर्च आहे, शेकडो लोकांचे पगार आहेत. मान्य आहे. मी फुकट मॉडेलच्या विरोधात नाहीच. जुन्या काळात एमएमओ (हजारो जण एकत्र खेळतात ते ऑनलाइन गेम) म्हणजे महिन्याची फी, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ मध्ये आलं तेव्हा सबस्क्रिप्शन भरल्याशिवाय आत जाता येत नव्हतं. मग २००९ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन फ्री झालं, २०१० मध्ये लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन, २०१२ मध्ये स्टार वॉर्सचं द ओल्ड रिपब्लिक, आणि त्यामुळे ज्यांना दर महिन्याला फी भरणं शक्यच नव्हतं असे किती लोक या जगात आले. माझ्या गिल्डमधले निम्मे लोक अजून एक पैसाही न घालता खेळतात आणि त्यातले दोघं आमचे सगळ्यात चांगले टँक (शत्रूचे वार अंगावर झेलणारे) आहेत. फी असती तर ते मला कधी भेटलेच नसते. त्यामुळे पैसे घेऊ नका असं मी म्हणत नाहीये. पण सबस्क्रिप्शनमध्ये एक गोष्ट होती, महिन्याला किती जाणार हे आधीच ठरलेलं असायचं आणि वर्षाचं किती होतं ते बारा वेळा गुणलं की कळायचं. फुकट गेममध्ये तेवढंच नाहीसं झालं आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही.

आणि फुकट म्हणजे कोणाच्या जिवावर फुकट, हेही बोलायला पाहिजे. २०१४ च्या सुरुवातीला स्वर्व्ह नावाच्या ॲनालिटिक्स कंपनीने फ्री-टू-प्ले मोबाइल गेम्सचा डेटा मांडला होता, त्यात जवळपास ५० टक्के कमाई फक्त ०.१५ टक्के प्लेअर्सकडून येत होती. दर हजारात एक-दोन माणसं. तुमच्या धंद्यात त्यांना व्हेल म्हणतात, आणि आम्ही पण चॅटमध्ये सर्रास म्हणतो, मी पण म्हणायचो. आमचा हीलर गेल्यापासून मला तो शब्द तोंडातून काढवत नाही. व्हेल म्हटलं की वाटतं कोणीतरी गडगंज असेल, त्याला काय फरक पडतो, पण हजारातला तो एक माणूस श्रीमंतच असेल असं कोणी सांगितलं? तो थकून घरी आलेला, एकटा राहणारा, रात्री गिल्डशिवाय बोलायला कोणी नसलेला माणूसही असू शकतो. तुमच्याकडच्या डेटात दोघं सारखेच दिसतात, कारण तिथे फक्त खर्च दिसतो, पगार दिसत नाही.

खर्च कळत का नाही हे मी थोडं उलगडून सांगतो, कारण बाहेरच्या लोकांना वाटतं की स्वतःच्या खिशातून गेलेलं माणसाला कळणार नाही हे कसं शक्य आहे.

पहिलं म्हणजे पैसे कधीच पैसे म्हणून जात नाहीत. पैशाचे आधी क्रिस्टल होतात, क्रिस्टलचे जेम, जेमचं तिकीट, तिकिटाचा एक पुल, म्हणजे सोडतीत एकदा नशीब आजमावणं. तीन वेळा नाव बदललं की पुल करणाऱ्या हाताला खिशाची आठवणच राहत नाही. वर पॅकचे आकडे आणि पुलची किंमत कधी जुळत नाहीत. गेनशिन इम्पॅक्टमध्ये बघा, सगळ्यांना माहीत असलेला गेम म्हणून घेतो, एक पुल १६० प्रिमोजेमचा (तिथले जेम) आणि क्रिस्टलचे पॅक ६०, ३००, ९८० असे, बोनस सोडला तर ६० मध्ये एकही पुल होत नाही, ३०० मध्ये एक होऊन १४० उरतात, आणि ते उरलेले १४० मनात टोचत राहतात की अजून फक्त २० मिळाले की एक पुल होईल. किती गेममध्ये हा असाच हिशोब आहे ते तुम्ही सांगा.

मग चान्स. त्याच गेममध्ये कॅरेक्टरच्या बॅनरवर फाइव्ह-स्टार (सगळ्यात दुर्मीळ) मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के. ९० व्या पुलला नक्की मिळतं, पण ते हवं ते कॅरेक्टर असेलच असं नाही, नसेल तर पुढचं नक्की हवं ते, म्हणजे नशीब पूर्ण फिरलेलं असेल तर १८० पुल. १८० गुणिले १६० म्हणजे २८,८०० प्रिमोजेम. आणि त्या कॅरेक्टरची सगळी ताकद उघडायला त्याच्या सात कॉपी लागतात, प्रत्येक कॉपीला १८० धरले तर १,२६० पुल. हे सगळं गेममध्ये लिहिलेलं असतं, मी लपवलंय म्हणत नाहीये, पिटी सिस्टिम, म्हणजे ठरलेल्या पुलला नक्की मिळायची सोय, आहे हे चांगलंच आहे. पण किती प्लेअर्सनी बॅनर उघडल्या उघडल्या हा गुणाकार करून तो त्यांच्या पैशात काढला असेल? शॉपचं सॉफ्टवेअर तो एका क्षणात करू शकतं. करत नाही.

ज्या गेममध्ये पिटी नाही, तिथे तर फारच वाईट. शस्त्र प्लस १४ वरून प्लस १५ ला न्यायचंय, चान्स १ टक्का, लोक धरून चालतात की १०० वेळा प्रयत्न केला की होईल. नाही होत. १ टक्का चान्स असताना शंभर जणांनी प्रत्येकी १०० वेळा प्रयत्न केला तर त्यातल्या साधारण ३६-३७ जणांच्या हातात शेवटी काहीच नसतं. आणि फेल झाल्यावर लेव्हल खाली येत असेल किंवा शस्त्रच तुटत असेल तर ते वाचवायला प्रोटेक्शन स्क्रोल, तेही शॉपमध्येच. माझ्या नऊ महिन्यांच्या भाड्यातलं निम्म्याहून जास्त भाडं या स्क्रोलमध्ये गेलंय, ज्यांची आज माझ्याकडे काही खूण सुद्धा नाही.

शक्यता जाहीर करणं हा मोठा लढा होता आणि तो तुम्ही आपणहून दिलेला नाही हेही लक्षात ठेवा. जपानमध्ये २०१२ मध्ये ग्राहक व्यवहार संस्थेने कोम्पु गाचा बेकायदा ठरवला, त्यात रँडम निघणाऱ्या वस्तूंचा पूर्ण सेट जमवला तरच मोठं बक्षीस मिळायचं, आणि शेवटची एक वस्तू यायचं नाव घ्यायची नाही. चीनने २०१७ पासून शक्यता जाहीर करायला लावल्या, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ॲपलने आपल्या स्टोअरसाठी तोच नियम केला. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायचे लूट बॉक्स (आत काय निघेल ते आधी माहीत नसलेल्या पेट्या) जुगाराच्या कायद्यात बसवले, आणि २०२२ मध्ये डायब्लो इमॉर्टल आलं ते बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये आलंच नाही.

आणि दक्षिण कोरियाचं प्रकरण तर प्रत्येक आरपीजी प्लेअरने वाचायला पाहिजे. मेपलस्टोरी हा २००३ पासूनचा गेम, त्यात २०१० मध्ये क्यूब आले, क्यूब वापरला की वस्तूवरचे ऑप्शन (तिला मिळणारे जादा गुण) रँडम बदलतात. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या फेअर ट्रेड कमिशनने हा गेम चालवणाऱ्या नेक्सॉनला सुमारे १,१६० कोटी वॉनचा दंड केला, कारण चांगले ऑप्शन निघायची शक्यता न सांगता कमी केली होती आणि सगळ्यांना हवी असलेली काही कॉम्बिनेशन तर निघूच शकत नाहीत असं सेटिंग होतं. लोक वर्षानुवर्षं अशा गोष्टीसाठी पैसे घालत होते जिची शक्यता शून्य होती. माझ्यासारख्याला हे वाचून पोटात कालवतं, कारण त्यांच्यातही आमच्या हीलरसारखे लोक असणार, "अजून एकदा, आता निघेल" म्हणणारे. मार्च २०२४ पासून तिथे शक्यता जाहीर करणं कायद्यानेच बंधनकारक झालं.

हे सगळं झालं ते चांगलंच झालं. पण शक्यता हा पुढच्या पुलचा आकडा आहे. मागे गेलेल्या पैशाचं काय, त्याबद्दल बहुतेक ठिकाणी कोणी बोलतच नाही. आता कुठे सुरुवात झालीये, जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने गेनशिनच्या कंपनीशी २ कोटी डॉलरची तडजोड केली, त्यात १६ वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या परवानगीशिवाय लूट बॉक्स विकायचे नाहीत आणि ते थेट खऱ्या पैशात घ्यायचा पर्याय द्यायचा अशा अटी आहेत. मार्च २०२५ मध्ये युरोपियन युनियनच्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी गेममधल्या करन्सीबद्दल तत्त्वं जाहीर केली, किंमत खऱ्या पैशातही स्पष्ट दिसली पाहिजे हे त्यातलं एक. म्हणजे मी जे मागतोय ते काही कोणाच्या कल्पनेपलीकडचं नाहीये. फक्त किमतीच्या शेजारी एक बेरीज, एवढंच पुढचं पाऊल आहे. कायद्याची वाट बघू नका.

"कोणी जबरदस्ती केली होती का?" हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात खूप जणांनी विचारलाय, गिल्डमधल्यांनीसुद्धा. याचं उत्तर मला नीट द्यायचंय कारण इथे माझाही हात आहे.

तुमच्या गेममध्ये माणूस एकटा खेळत नाही. गिल्ड वॉर असतं, त्यात चाळीस जणांची कॉम्बॅट पॉवर एकत्र मोजतात, आणि कोणाची किती हे यादीत सगळ्यांना दिसतं, वरून खाली लावलेलं. रेडच्या बॉसला ठरलेल्या वेळात मारलं नाही तर चाळीस जणांचं बक्षीस जातं. कोणी मोठा पॅक घेतला की अख्ख्या गिल्डला छोटी गिफ्ट बॉक्स मिळते आणि चॅटमध्ये आपोआप मेसेज पडतो की अमक्याला धन्यवाद द्या. मग सगळे धन्यवाद देतात, मीही द्यायचो, मनापासून. तो मेसेज कोणी लिहिला? आम्ही नाही लिहिला. पण आपल्यामुळे चाळीस जणांना काहीतरी मिळालं ही भावना किती गोड असते हे मला माहितीये, आणि पुढच्या महिन्यात आपलं नाव आलं नाही तर कसं वाटतं तेही माहितीये.

दोन वर्षांपूर्वी मी गिल्डच्या नोटीसमध्ये लिहिलं होतं, महिनाअखेरपर्यंत सगळ्यांचं शस्त्र प्लस १५ पाहिजे, नाहीतर पहिल्या टीममध्ये घेता येणार नाही. मला वाटलं मी शिस्त लावतोय. हीलरचं तेव्हा प्लस १२ होतं. चार दिवसांत प्लस १५ झालं आणि मी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं. त्या चार दिवसांत त्याने किती घातले ते मी विचारलं नाही, आणि तो स्वतः मोजत नव्हता. ही नोटीस माझी होती, ती मी तुमच्यावर ढकलत नाही. त्याच्याकडे माफी मागितली आहे. पण त्या चार दिवसांत प्रत्येक वेळी स्क्रोल घेताना त्याच्यासमोर एक ओळ आली असती की या आठवड्यात तुम्ही इतके खर्च केलेत, तर तो मला म्हणाला असता की दादा जमणार नाही, मला दुसऱ्या टीममध्ये टाक. तो माणूसच तसा होता, स्पष्ट सांगणारा. त्याला सांगायला आकडाच नव्हता.

म्हणजे जबरदस्ती कोणी केली नाही हे खरं, पण संमती द्यायला माणसाला काय चाललंय ते माहीत तरी पाहिजे ना. पुढे काय मिळेल ते नशिबावर, मागे किती गेले ते दिसत नाही, आणि मधे १२ तासांचा उलटा चालणारा काउंटडाउन, या तिघांच्या मधे उभं राहून माणूस जे बटण दाबतो त्याला मोकळा निर्णय म्हणायला मन धजत नाही. २०१८ मध्ये प्लॉस वन जर्नलमध्ये ७,००० हून जास्त गेमर्सचा सर्व्हे आला होता, ज्यांना जुगाराचा त्रास जास्त होता ते लूट बॉक्सवर जास्त खर्च करत होते. लूट बॉक्समुळे त्रास होतो की त्रास असलेले लोक लूट बॉक्सकडे ओढले जातात हे त्या सर्व्हेवरून ठरत नाही, लिहिणाऱ्यांनीही तसा दावा केलेला नाही. पण दोन्हीपैकी काहीही खरं असलं तरी त्या माणसाला थांबायला काहीतरी हाताशी पाहिजे, हे तर बदलत नाही.

तांत्रिक अडचण आहे असं कृपया सांगू नका. चीनमध्ये २०१९ च्या नियमांनंतर ८ ते १६ वयाच्या मुलांना महिन्याला २०० युआन आणि १६ ते १८ च्या मुलांना ४०० युआन एवढीच मर्यादा आहे, आणि तिथे चालणारे गेम ती पाळतात, मर्यादा संपली की पेमेंट होत नाही. म्हणजे अकाउंटचा महिन्याचा खर्च मोजून बटण बंद करणारा कोड लिहून झालाय, कित्येक वर्षं चालू आहे. तोच मोठ्यांना स्वतःच्या मर्जीने चालू करता येऊ दे. मर्यादा कमी केली तर लगेच लागू, वाढवली तर तीन-चार दिवसांनी लागू, कारण रात्री दोन वाजता बॅनर संपताना वाढवलेली मर्यादा ही मर्यादा नसतेच.

धंदा बुडेल असंही सांगू नका, कारण तुमच्यातल्याच काहींनी वेगळं करून दाखवलंय. वॉरफ्रेमच्या टीमने एकदा पाळीव प्राण्याच्या फरचा रंग रँडम बदलायचं बटण पैशाने विकायला ठेवलं होतं, एका प्लेअरने ते जवळपास २०० वेळा दाबलंय असं त्यांना दिसलं, आणि आपण हे काय बनवून बसलोय असं वाटून त्यांनी ते काढूनच टाकलं. गेम बुडाला नाही, २०१३ पासून आजही चालू आहे. ग्रॅनब्लू फँटसीमध्ये एका कॅरेक्टरसाठी लोकांनी बेसुमार पैसे घालवल्यावर गदारोळ झाला, तेव्हा २०१६ मध्ये त्यांनी ३०० ड्रॉनंतर हवं ते कॅरेक्टर निवडता येईल अशी सोय केली, तोही गेम चालू आहे. पाथ ऑफ एक्झाइल मुख्यतः दिसण्याच्या वस्तू आणि स्टॅश टॅब (वस्तू ठेवायची जादा जागा) विकून इतकी वर्षं उभा आहे. वॉरफ्रेमची गोष्ट मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथे कायदा आला नव्हता, दंड झाला नव्हता, कोणीतरी ऑफिसमध्ये बसून एका माणसाचा आकडा बघितला आणि त्याला वाईट वाटलं. तसे आकडे तुमच्या स्क्रीनवर रोज येतात.

त्यामुळे नेमकं काय हवंय ते परत एकदा, गोंधळ नको म्हणून. शॉप उघडल्यावर वर एक ओळ, या महिन्यात इतके, आजवर एकूण इतके, खऱ्या पैशात, लहान राखाडी अक्षरात तळाशी नाही तर व्हीआयपीच्या बारएवढीच मोठी. ऑर्डर हिस्टरी पहिल्या दिवसापासूनची, ९० दिवसांची नाही, आणि वेबसाइटवरचे टॉप-अप पण त्यात धरून. स्वतःची मर्यादा ठरवायची सोय, सेटिंगच्या सातव्या पानावर नाही, शॉपमध्येच. आणि गिल्डमध्ये कोणी पॅक घेतल्यावर पडणारा तो मेसेज निदान बंद करायचा पर्याय गिल्डमास्टरला द्या, मी आजच्या आज बंद करेन.

मी प्लेअर्सना खेळणं सोडा असं सांगत नाहीये, मीही सोडलेलं नाही. मंगळवार आणि शुक्रवार आमची रेड असते, माझ्या आयुष्यातले काही अगदी जवळचे मित्र मला याच गेममध्ये मिळालेत. प्लस १५ ची ती नोटीस मी काढून टाकलीये, पहिल्या टीममध्ये आता कोणीही येऊ शकतं, बॉस कधी मरतो कधी नाही मरत. गिल्डमध्ये एक नियम केलाय की दर महिन्याच्या एक तारखेला ज्याला हवं त्याने स्वतःच्या पावत्यांची बेरीज करायची, कोणाला सांगायची नाही, फक्त "केली" एवढं चॅटमध्ये लिहायचं. पहिल्या महिन्यात सहा जणांनी लिहिलं, मागच्या महिन्यात एकोणीस. त्यातल्या तिघांनी मला नंतर खाजगीत मेसेज केला, तिघांचंही पहिलं वाक्य जवळपास सारखंच होतं, मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप जास्त आहे.

हीलर अधूनमधून व्हॉइसवर येतो, रेड चालू असताना नुसता ऐकत बसतो, कोणाला हील कधी द्यायचं ते नवीन मुलीला सांगतो. मागच्या शुक्रवारी तिने त्याला विचारलं की परत का नाही येत, नवीन अकाउंट काढ, फुकटच तर आहे. तो म्हणाला, जेव्हा किती गेले ते समोर दिसेल तेव्हा येईन.

त्याची जागा मी यादीत रिकामी ठेवलीये. तुमच्या पुढच्या पॅच नोट्सची मी वाट बघतोय.

आपला,
सात वर्षं तुमच्या सर्व्हरवर असलेला एक गिल्डमास्टर